आधी माणसं, मग कपाट: आयुष्याची आखणी आणि घरच्या आठवणींची जपणूक

बहुतेक घरांत दोन कामं वर्षानुवर्षं ‘एकदा निवांत बसून करू’ या नावाखाली पडून असतात. एक, आपला पुढचा वेळ कशासाठी आणि कुणासाठी वापरायचा याचा नीट विचार. दुसरं, कपाटाच्या वरच्या कप्प्यातल्या फोटोंच्या पिशव्या, जुन्या कॅसेटी आणि फोनमध्ये साठलेल्या हजारो फोटोंचं काहीतरी करणं. ही कामं वेगवेगळी समजली जातात. मला ती एकच वाटतात. ज्या वर्षात कुणासाठी वेळच राखून ठेवला नव्हता, त्या वर्षाच्या आठवणी कितीही देखणा अल्बम आणला तरी येणार कुठून? आणि जपणुकीच्या कामालाही आधी वेळच लागतो. पेट्या, अल्बम, स्कॅनर हे सगळं नंतरचं.

म्हणून हा लेख कॅलेंडरपासून सुरू होतो आणि कपाटाकडे उशिरा वळतो. उत्साहाच्या भरात लोक पहिल्यांदा स्कॅनर आणतात, दोन-चार रविवार त्यात घालवतात आणि थकून सोडून देतात. फोटो आणखी दहा वर्षं पिशवीत राहिला तरी बहुधा टिकेल. त्यात मागच्या रांगेत उभ्या असलेल्या बाई कोण, हे सांगू शकणारं माणूस तोवर असेलच असं नाही.

पहिली पायरी: थोडी आकडेमोड

एका कागदावर जवळच्या माणसांची नावं लिहा. प्रत्येकापुढे दोन आकडे: सध्या वर्षातून प्रत्यक्ष किती वेळा भेटता, आणि हे असंच साधारण किती वर्षं चालेल. मग गुणाकार. आईवडील दुसऱ्या गावी आहेत, वर्षातून दोनदा जाणं होतं आणि पुढची १५ वर्षं ते हिंडतेफिरते राहतील असं धरलं, तर हाती ३० भेटी उरतात. मूल जन्मल्यापासून १८ वर्षांचं होईपर्यंत ९३६ आठवडे असतात. ते आज दहा वर्षांचं असेल तर त्यातले ५२० गेले, ४१६ राहिले. भावाबहिणींचा आकडा काढायचं लोक विसरतात, आणि बऱ्याच घरांत तोच सगळ्यांत लहान निघतो.

हे आकडे बघून थोडं चरकायला होतं, पण तिथे थांबायचं नाही. आकडा काढायचा तो निर्णय घेण्यासाठी. वर्षाला दोनाऐवजी तीन भेटी ठरवल्या की ३० च्या ४५ होतात. एका जादा फेरीने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कुठल्याच खटपटीने पडत नाही. भेटी वाढवणं शक्य नसेल तर मुक्काम वाढवा. आणि काही नावांपुढे ‘आहे ते ठीक आहे’ असं लिहायलाही हरकत नाही. प्रत्येक नातं घट्टच करायला हवं असं काही नाही. एकदा तसं कागदावर मान्य केलं की त्या नावाची टोचणी कमी होते आणि खरोखर हव्या असलेल्या दोन-तीन माणसांसाठी जागा मोकळी होते.

दुसरी पायरी: पुढच्या वर्षाआधी मागचं वर्ष

आयुष्याची आखणी म्हटलं की लोक थेट स्वप्नांची यादी करायला बसतात. त्या यादीत आपण जसे असायला हवे तसे दिसतो, जसे आहोत तसे नाही. म्हणून आधी मागचे बारा महिने उघडा: कॅलेंडर, फोनची गॅलरी, प्रवासाची तिकिटं, बँकेचे व्यवहार. महिन्यामागून महिना बघत जा आणि तीन रकाने भरा. काय पुन्हा हवं, काय नको होतं, आणि काय झालंच नाही. तिसरा रकाना भरायला वेळ लागतो, कारण न घडलेल्या गोष्टींचा फोटो नसतो.

यातून पुढच्या वर्षासाठी फार तर तीन-चार गोष्टी निवडा. दहा वर्षांचे आराखडे मला फारसे उपयोगाचे वाटत नाहीत. माणसं, तब्येती आणि नोकऱ्या इतक्या बदलतात की तिसऱ्याच वर्षी तो कागद परका वाटू लागतो. एक वर्ष मात्र हातात मावतं.

निवडलेल्या गोष्टी लिहायच्या कशा, यावर बरंच अवलंबून आहे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिलं की ‘मी अमुक करेन’ या नुसत्या संकल्पापेक्षा ‘अमुक वेळ आली की मी अमुक ठिकाणी अमुक करेन’ असं आधीच बांधून ठेवलेलं काम पार पडण्याची शक्यता जास्त असते. त्यामुळे ‘आजीला जास्त वेळ द्यायचा’ हे वाक्य खोडा. त्याजागी ‘दर गुरुवारी ऑफिसातून निघालो की घरी पोचेपर्यंत आजीला फोन’ असं लिहा. त्यात वार आहे, वेळ आहे आणि आधीपासून घडत असलेल्या एका गोष्टीचा आधार आहे. तो फोन रोजच्या अंगवळणी पडलेल्या प्रवासाला चिकटलेला असल्यामुळे वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

वेळेचा अंदाज मात्र सढळ हाताने करा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली ज्याला नियोजनाचा भ्रम म्हटलं, म्हणजे काम लागतं त्यापेक्षा लवकर होईल असं धरण्याची सवय, तो इथे हमखास आडवा येतो. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत होईल असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून अधिक लागले. घरच्या फोटोंचं काम तुम्हाला चार शनिवारांचं वाटत असेल, तर आठ राखून ठेवा. कामाचा आवाका ठरवण्यापूर्वी एक पिशवी घड्याळ लावून करून बघणं आणखी चांगलं.

एक छोटी सूचना. वर्षाच्या आखणीत मोठ्या सहलींपेक्षा लहान ठरलेल्या गोष्टींना आधी जागा द्या. मोठी सहल आजारपणाने, रजेने, पैशाने सहज रद्द होते. महिन्यातल्या पहिल्या रविवारची संध्याकाळ सगळ्यांनी घरीच काढायची, एवढा साधा नियम सहसा मोडत नाही, आणि मोडला तरी पुढच्या महिन्यात परत येतो.

तिसरी पायरी: बोलतं करा, रेकॉर्ड करा

ही या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची पायरी. बाकी काही नाही जमलं तरी हे करा.

घरातल्या सर्वांत वयस्क व्यक्तीपासून सुरुवात करा. तब्येतीने नाजूक कुणी असेल तर वय न बघता तिच्यापासून. आधी विचारा. ‘तुमच्या लहानपणाबद्दल बोलूया, मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवतो, चालेल ना? एखादी गोष्ट कुणाला ऐकवायची नसेल तर तसं सांगा.’ ही परवानगी केवळ शिष्टाचार म्हणून घ्यायची नाही. आपलं बोलणं कुठे जाणार हे माहीत असलेलं माणूस मोकळं बोलतं. गुपचूप रेकॉर्ड केलेलं कधी ना कधी उघड होतं, आणि मग त्या घरात पुन्हा कुणी तोंड उघडत नाही.

साधन म्हणून फोन पुरतो. पंखा आणि टीव्ही बंद, फोन एअरप्लेन मोडवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, मऊ कापडावर ठेवलेला. टेबलावर थेट ठेवला तर प्रत्येक थाप आणि खडखड रेकॉर्ड होते. आधी एक मिनिट रेकॉर्ड करून ऐकून बघा. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, जागा आणि कोण बोलतंय ते सांगा. फायलीचं नाव पुढे बदललं तरी ही ओळख आतच राहते. एका बैठकीत अर्धा-पाऊण तास पुष्कळ झाला. व्हिडिओ घ्यावासा वाटेल, पण कॅमेरा दिसला की बरीच वयस्क माणसं ताठ बसून भाषण देऊ लागतात. पहिल्या एक-दोन वेळा फक्त आवाज घ्या.

आता प्रश्नांकडे. नवखा माणूस विचारतो, ‘१९६८ साली तुम्ही काय करत होता?’ आणि समोरून ‘काय आठवणार आता’ एवढंच येतं. यात आजोबांची काही चूक नाही. डच मानसशास्त्रज्ञ विलेम वाखेनार यांनी सहा वर्षं स्वतःच्या आयुष्यातल्या सुमारे २,४०० घटना लिहून ठेवल्या. प्रत्येक घटनेत काय झालं, कोण होतं, कुठे आणि केव्हा, अशी चार अंगं नोंदवली, आणि मग एकेक अंग घेऊन बाकीची घटना आठवते का ते तपासलं. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ‘काय झालं’ हा धागा सर्वांत उपयोगी ठरला आणि ‘केव्हा’ जवळजवळ निरुपयोगी. तेव्हा सनावळी बाजूला ठेवा. जागा, माणसं आणि कामं यांच्याबद्दल विचारा:

– तुम्ही ज्या घरात वाढलात त्याचा नकाशा मला काढून दाखवा. दार कुठे होतं? कोण कुठे झोपायचं?
– त्या घरात सगळ्यांत जास्त आवाज कुणाचा असायचा?
– पहिल्यांदा पगार हातात आला तेव्हा त्याचं काय केलंत?
– तुमच्या आईचे हात कसे होते? त्या दिवसभर काय काम करायच्या?
– घरात कुणाला कुणाची भीती वाटायची?
– एखादा निर्णय, जो घेतला नसता तर आज आपण सगळे वेगळीकडे असतो?

घराचा नकाशा ही यातली हुकमाची गोष्ट आहे. हातात पेन्सिल आली की बोलणाऱ्याचं लक्ष रेकॉर्डिंगवरून उडतं आणि प्रत्येक खोलीबरोबर दोन माणसं बाहेर येतात. तो कागद जपून ठेवा, मागे तारीख घालून. फोटोही समोर ठेवा, पण एका वेळी पाच-सहाच. पूर्ण अल्बम उघडला की गोष्ट बाजूला राहते आणि ‘हा अमका, ही तमकी’ अशी हजेरी सुरू होते.

साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी वयस्क माणसांना जास्त आणि जास्त स्पष्ट आठवतात, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. शिक्षण, पहिली नोकरी, लग्न, पहिलं बिऱ्हाड या काळापासून सुरुवात केली तर बोलणं लवकर सुरू होतं. मधल्या वयाच्या गोष्टी नंतर ओघात येतात.

बोलणारा थांबला की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात सावकाश पाचपर्यंत मोजा. बरीचशी चांगली वाक्यं त्या थांबण्यानंतरच येतात. चूक सुधारायची नाही. ‘नाही हो, ते तर काकांच्या लग्नात झालं’ हे वाक्य ओठांवर आलं तरी गिळा. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली मांडलं होतं की आठवणारं माणूस दर वेळी गोष्ट नव्याने जुळवत असतं. दोन भावांच्या हकिगती जुळल्या नाहीत म्हणून त्यातला एक खोटं बोलतोय असं होत नाही. दोघांच्याही ठेवा. घराला पंचनामा हवा असतो कुठे? खरं तर जिथे हकिगती फाटतात तिथेच सगळ्यांत रंजक काहीतरी असतं.

स्मरणशक्ती कमी होत चाललेल्या व्यक्तीशी बोलताना ‘आठवतंय का?’ हा प्रश्न पूर्ण टाळा. ती परीक्षा होते, आणि त्यात नापास होणं त्या माणसाला दर वेळी नव्याने लागतं. त्याऐवजी एखादी जुनी वस्तू हातात द्या, ओळखीचं गाणं लावा, आणि ‘हे किती छान आहे’ एवढं म्हणून गप्प बसा. जे येईल ते येईल. न आलं तर तो वेळ नुसता सोबतीचा.

अवघड गोष्टीही निघतात: भांडणं, मालमत्ता, न झालेली लग्नं, दडवलेले आजार. कुणी सांगत असेल तर अडवू नका, पण शेवटी विचारा की हे कुणी ऐकलं तर चालेल. ‘मी असेपर्यंत नको’ असं उत्तर आलं तर तो भाग वेगळ्या फायलीत ठेवा आणि शब्द पाळा.

रेकॉर्डिंग झालं की पूर्ण शब्दांकन करण्याचं मोठं ओझं घेऊ नका. तिथेच बहुतेकांची गाडी अडते. त्याऐवजी त्याच आठवड्यात एकदा ऐका आणि एक पानभर अनुक्रमणिका करा: ‘३ मि. – विहिरीची गोष्ट, ११ मि. – शाळा सुटली ती का, २४ मि. – मोठ्या आत्याचं सासर’. एवढ्यावर पुढची पिढी हवं ते शोधू शकते.

मुलांना यात घ्या. प्रश्न त्यांना विचारू दिले तर आजी-आजोबा वेगळंच सांगतात, बरंच जास्त सांगतात. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातले मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना स्वतःच्या घराचा इतिहास किती माहीत आहे हे तपासणारी वीस प्रश्नांची यादी तयार केली. आईवडिलांची भेट कुठे झाली, घरच्यांवर कुठलं संकट आलं होतं, अशा धर्तीचे प्रश्न. ज्या मुलांना जास्त उत्तरं माहीत होती, त्यांचा स्वतःवरचा विश्वासही जास्त असल्याचं त्यांना दिसलं. यावरून मुलांना वंशावळ पाठ करून घ्यायला बसू नका. ही उत्तरं माहीत असणं म्हणजे त्या घरात एकत्र बसून बोललं जातं याची खूण आहे. फायदा बहुधा त्या बोलण्याचा.

चौथी पायरी: जुने फोटो आणि टेप

आता कपाट. सगळ्यांत आधी टेप बाहेर काढा, फोटो नंतर. व्हिडिओ कॅसेटवरचा चुंबकीय थर दशकांत खराब होत जातो, आणि ती चालवणारी यंत्रंही संपत आली आहेत. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ साली उत्पादन थांबवलं. घरात चालू व्हीसीआर नसेल तर हे काम व्यावसायिकाकडून करून घ्या, आणि सगळ्या कॅसेटी एकदम न देता आधी एक देऊन बघा. बुरशी दिसत असलेली कॅसेट घरच्या यंत्रात घालू नका. यंत्र आणि कॅसेट दोन्ही जातील.

फोटोंमध्ये स्कॅन करण्यापूर्वी निवड करा. धूसर, दुबार, कुणाचीच ओळख नसलेली निसर्गदृश्यं बाजूला. एका प्रसंगाचे वीस फोटो असतील तर तीन ठेवा. टाकवत नसतील तर वेगळ्या पाकिटात ठेवा, पण स्कॅनच्या ढिगात घालू नका.

निवडलेल्यांवर नावं घाला. जुन्या कागदी फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलने, अगदी हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पसरते. गुळगुळीत प्लास्टिकसारख्या पाठीवर पेन्सिल उमटत नाही, तिथे फोटोसाठी बनवलेलं पेन लागतं. ‘बाबा’, ‘मोठी आई’ असं लिहू नका. कुणाचे बाबा? पन्नास वर्षांनी वाचणाऱ्यासाठी पूर्ण नाव आणि नातं लिहा.

चिकट पानं आणि वरून पारदर्शक प्लास्टिक असलेले अल्बम फोटोंचं नुकसान करतात. फोटो सुटत नसेल तर ओढू नका. आधी पूर्ण पानाचा फोटो काढा, म्हणजे मूळ मांडणी आणि आजूबाजूच्या ओळी तरी राहतील; मग पातळ दातसफाईचा दोरा फोटोच्या मागून हळूहळू सरकवून बघा. नाहीच निघाला तर पानासकट ठेवा.

ठेवायचे कुठे? जिथे तुम्हाला स्वतःला बारा महिने बरं वाटेल अशा खोलीत. गच्चीलगतची तापणारी जागा नको, न्हाणीघराच्या भिंतीला लागून नको, जमिनीवर तर नकोच. सापेक्ष आर्द्रता (हवेतला दमटपणा) ३० ते ५० टक्के असणं चांगलं. पीव्हीसी प्लास्टिकच्या पिशव्या टाळा, आम्लरहित कागद किंवा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची पाकिटं वापरा. वर्तमानपत्रातली कात्रणं फोटोंना चिकटून ठेवू नका. त्या कागदातल्या लिग्निन या लाकडाच्या घटकामुळे तो पिवळा पडतो आणि शेजारच्याला डाग देतो. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो तांबूस झालेले दिसतात ते निळसर रंगद्रव्य फिकं पडल्यामुळे. अंधारात ठेवूनही ते थांबत नाही, म्हणून स्कॅनिंगमध्ये कृष्णधवल फोटोंपेक्षा यांचा नंबर आधी.

नेहमीच्या आकाराच्या फोटोला स्कॅनचे ३०० डीपीआय (दर इंचाला ठिपके) चालतात, पण छोट्या आणि महत्त्वाच्या फोटोंना ६०० द्या. निगेटिव्हला २,४०० च्या पुढे. अगदी मोलाचे टिफ या तपशील न गमावणाऱ्या फाइल-प्रकारात, बाकीचे उत्तम प्रतीच्या जेपेगमध्ये. जेपेग फाइल पुन्हा पुन्हा बदलून साठवली की दर वेळी थोडी झिजते, म्हणून मूळ प्रत कधीच संपादित करू नका. फायलींची नावं वर्षापासून सुरू करा: ‘१९७८-०५ आत्याचं लग्न’. नक्की वर्ष माहीत नसेल तर ‘१९७० चं दशक’ लिहिणं खोट्या नेमकेपणापेक्षा बरं.

साठवणीसाठी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम पुरेसा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घराबाहेरची म्हणजे क्लाउडवर किंवा दुसऱ्या शहरातल्या बहिणीकडे दिलेली हार्ड डिस्क. पेन ड्राइव्ह कपाटात वर्षानुवर्षं विसरण्यासाठी बनवलेला नसतो. त्यावर विसंबू नका. वर्षातून एकदा प्रत्येक प्रत उघडून बघायची, आणि हार्ड डिस्क साधारण पाच वर्षांनी नव्याने घ्यायची.

पाचवी पायरी: आजचे फोटो

जुन्या फोटोंचा प्रश्न कमतरतेचा होता, आजचा भरमसाटपणाचा. आपण इतके फोटो काढतो की नंतर कुणी बघत नाही. काढताना समोरच्या गोष्टीकडेही अर्धंच लक्ष असतं. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे लोकांनी पूर्ण फोटो काढले त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. मात्र एखाद्या भागावर झूम करून फोटो काढलेल्या वस्तूंबाबत ही घट दिसली नाही. फोटो सोडून द्या असं मी म्हणणार नाही. समारंभाच्या सुरुवातीची दहा मिनिटं ठरवून काढा, मग फोन खिशात. आणि सगळ्यांनी रांगेत उभं राहून हसण्याच्या फोटोइतकेच कामात असलेल्या हातांचे, पसाऱ्याचे, रोजच्या खोलीचेही काढा. तीस वर्षांनी सगळे त्या फोटोच्या मागच्या कोपऱ्यातली कपाटं आणि भांडी बघत बसतात.

महिन्याच्या शेवटी अर्धा तास ठेवा. त्या महिन्यातले दहा फोटो निवडून एका फोल्डरमध्ये, प्रत्येकाला एक ओळ. वर्षाअखेरी १२० फोटो तयार, त्यांचं छापील पुस्तक करता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंवर संग्रह उभारू नका. पाठवताना त्यांचा आकार घटतो आणि केव्हा-कुठे काढला याची आतली नोंद पुसली जाते. नातेवाइकांकडून मूळ फोटो हवा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

रोजनिशी लिहिणं ज्यांना जमतं त्यांनी जरूर लिहावी. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी रोज एक ओळ पुरते: आज काय झालं, कुणाबरोबर. लहान मुलांची बोलणी मात्र त्याच दिवशी, त्यांच्याच शब्दांत लिहा. आठवड्याभरात आपण ती नकळत शुद्ध करून टाकतो.

वस्तू, वाटण्या आणि पासवर्ड

घरातल्या प्रत्येक जुन्या वस्तूला आठवण म्हणून ठेवायला लागलं तर घराचं कोठार होईल. माझा नियम असा की वस्तूबरोबर सांगण्यासारखी गोष्ट असेल आणि ती वापरात किंवा नजरेत राहणार असेल तरच ठेवायची. बाकीच्या प्रत्येक वस्तूचा फोटो काढा, मागची गोष्ट दोन ओळींत लिहा आणि ती ज्याच्या कामी येईल त्याला द्या. ठेवलेल्या वस्तूत एक चिठ्ठी घाला: कुणाची, कुठून आली, कुणाला द्यायची. ‘कुणाला द्यायची’ हे मालकाने स्वतः लिहिलेलं असेल तर पुढची बरीच भांडणं टळतात. मूळ फोटो कुणाकडे राहायचे यावरून वाद असेल तर आधी सगळ्यांसाठी चांगल्या प्रती करा, मग मूळ कुणाकडे याची चर्चा करा. प्रत हातात आली की आवाज आपोआप खाली येतात.

भावंडांत काम वाटताना आवडीनुसार वाटा. ज्याला गप्पा जमतात त्याने रेकॉर्डिंग करावं, ज्याला शिस्त आहे त्याने फायली सांभाळाव्यात. सगळं एकानेच केलं तर संग्रह त्याच्या नजरेतून बनतो, आणि तो कंटाळला की थांबतो. कुणाला यात भाग घ्यायचा नसेल तर ओढू नका. काहींसाठी लहानपण ही पुन्हा बघण्याची गोष्ट नसते.

राहता राहिला पासवर्डांचा विषय, जो सगळेच टाळतात. फोटो ज्या खात्यात आहेत ते खातं तुमच्यानंतर उघडणार कोण? गूगलच्या ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये तुम्ही ३ ते १८ महिन्यांची मुदत ठरवू शकता, तेवढा काळ खातं वापरात नसेल तर निवडलेल्या माणसांना, जास्तीत जास्त दहा जणांना, तुम्ही ठरवलेली माहिती मिळते. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं, हेही लक्षात ठेवा. अ‍ॅपलमध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ आहे, म्हणजे तुमच्यानंतर खातं उघडण्यासाठी तुम्ही नेमलेली व्यक्ती. त्या व्यक्तीला तुम्ही दिलेली प्रवेश-किल्ली आणि मृत्यूचा दाखला दोन्ही लागतात. हे दोन्ही मिळून वीस मिनिटांचं काम आहे. त्याबरोबर एक कागद करा: हार्ड डिस्क कुठे आहे, रेकॉर्डिंगं कुठल्या फोल्डरमध्ये, कुठली पेटी कुणाची. तो कागद घरातल्या निदान दोघांना दाखवा आणि नोकरी, फोन किंवा घर बदललं की नव्याने लिहा.